यादी कुठेच नसते

गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. इथे कुडव्यात बसून मी पायथॉनमध्ये भरडाईचा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे 67 किलो तांदूळ जमा करायचा असतो. तेवढंच उत्तर येतं ना, हे पाहायला एक चाचणीही लिहिली आणि चाचण्या चालवणारं पायटेस्ट हे साधन सुरू केलं. कोणती फाइल, कोणती चाचणी, काहीच सांगितलं नव्हतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: एक चाचणी सापडली, एक पास.

सापडली कशी? यादी तर मी कुठेच दिली नव्हती!

पायटेस्ट एकेक फोल्डर धुंडाळत जातं. लपवलेले फोल्डर वाटेत सोडून देतं. ज्या पायथॉन फाइलच्या नावाची सुरुवात 'टेस्ट' आणि अंडरस्कोरनं होते, किंवा शेवट अंडरस्कोर आणि 'टेस्ट'नं होतो, तिथे थांबतं. आणि इथे मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट घडते. आत कोणत्या चाचण्या आहेत हे त्याला मजकूर वाचून कळत नाही, फाइल चालवून कळतं. पायथॉनमध्ये इम्पोर्ट करणं म्हणजे ती फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खरोखर चालवणं. फंक्शनची व्याख्या हीसुद्धा एक आज्ञाच. ती चालली की फंक्शन जन्माला येतं आणि त्याचं नाव मॉड्यूलच्या, म्हणजे त्या इम्पोर्ट झालेल्या फाइलच्या, वहीत चढतं. पायटेस्ट ती वही उघडून 'टेस्ट'नं सुरू होणारी नावं वेचतं. शिवाय इम्पोर्ट होता होताच असर्टच्या, म्हणजे उत्तर बरोबर आहे का हे पडताळणाऱ्या, ओळींची अंतर्गत रचना ते बदलून ठेवतं. म्हणून हिशेब चुकून 67 ऐवजी 68 आला तर नुसतं 'चूक' न म्हणता दोन्ही आकडे समोर मांडतं.

नावावरून ओळखायची ही रीत जुनी आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट हे जावा भाषेसाठीचं चाचणी-साधन लिहायला घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही 'टेस्ट'नं सुरू होणारी नावंच शोधायच्या.

पायथॉन 3 मध्ये नावं देवनागरीतही चालतात. 'टेस्ट'ची चार रोमन अक्षरं, अंडरस्कोर आणि पुढे देवनागरीत 'भरडाई': माझी चाचणी अशीच सापडली. मग मी 'टेस्ट'सुद्धा देवनागरीत लिहून पाहिलं. पायथॉनची काही तक्रार नाही, पण चाचण्या सापडल्या शून्य. फाइल इम्पोर्टच झाली नाही तर पायटेस्ट लाल अक्षरांत ओरडतं. पायथॉनसोबत येणारं युनिटटेस्ट तर त्या फाइलच्या जागी एक नापास चाचणी उभी करतं. चुकलेल्या नावासाठी मात्र कोणीच ओरडत नाही. शेजारी दुसरी एखादी चाचणी पास होत असली, तर पडदा हिरवाच राहतो.

आता मी आधी 'कलेक्ट ओन्ली' हा पर्याय देतो. मग चाचण्या चालत नाहीत, सापडलेली नावं तेवढी छापली जातात. ती मी पोत्यांसारखी एकेक करून मोजून घेतो.