तीरकमठा जुना, नेम नवा

रामायण-महाभारतामुळे धनुष्यबाण आपल्याला लहानपणापासून परिचित आहे. आपल्या सीमाभागातील देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात, त्यांवरही धनुष्य ताणलेले वीर दिसतात. आज दुकानात मिळणारे धनुष्य मात्र चाके, तारा आणि दुर्बिणीसारखे भिंग लावलेले यंत्रच वाटते. मग जुने धनुष्य निरुपयोगी झाले का? ज्या देशांत धनुष्याने शिकार करण्यास कायद्याने परवानगी आहे, तेथील कित्येक शिकारी आजही जुनेच धनुष्य का वापरतात? या प्रश्नाचे उत्तर थोडे विज्ञानात आहे आणि थोडे माणसाच्या स्वभावात.

धनुष्य काम कसे करते?

धनुष्य म्हणजे शक्ती साठवून ठेवण्याचे साधन. दोरी ओढताना आपण जे श्रम करतो ते वाकलेल्या काठीत साठतात. दोरी सोडताच ते बाणाला मिळतात. भिल्ल बांधवांचा तीरकमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या सालीची असते. बांबूचे चिवट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात. म्हणून ती बाजू धनुष्याच्या पुढे, म्हणजे जिथे ताण जास्त पडतो तिथे ठेवतात. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे.

साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. पूर्ण ओढल्यावर ते सर्वांत जड असते आणि नेमका त्याच क्षणी नेम धरायचा असतो. ही अडचण अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी सोडवली. त्यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यबिंदू सरकवलेली चाके बसवली. या कंपाउंड धनुष्याचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळाले. यात ओढ मध्यावर सर्वांत जास्त असते आणि पूर्ण ओढल्यावर एकदम कमी होते. सत्तावीस किलोंची ओढ असलेले धनुष्य शेवटी पाच ते नऊ किलो इतकेच भासते, त्यामुळे हात थरथरत नाही. अशा धनुष्याचा ॲल्युमिनियमचा सांगाडा सीएनसी मशीनवर कोरून काढतात. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या पालकांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको.

हिशेब करून पाहू

जुन्या धाटणीच्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो असे धरू. कंपाउंडचा वेग ९० मीटर धरू. वीस मीटरवरचे लक्ष्य गाठायला पहिल्याला ०.४० सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.२२ सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने पहिला बाण सुमारे ७८ सेंटिमीटर खाली येतो, दुसरा फक्त २४ सेंटिमीटर. अंतर चाळीस मीटर केले तर पहिला बाण तीन मीटरहून अधिक खाली येतो, दुसरा एक मीटरपेक्षा थोडा कमी. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत स्वतः करून पाहावे.

आणखी एक गोष्ट. दोरी सुटल्याचा आवाज वीस मीटरवर पोचायला ०.०६ सेकंद पुरतात. म्हणजे बाणाच्या आधी आवाज पोचतो आणि सावध हरिण त्याच क्षणी खाली दबते किंवा उडी घेते. म्हणून जुन्या धनुष्याच्या शिकाऱ्याला एकच नियम पाळावा लागतो: जवळ जाणे. वाऱ्याची दिशा, वाळलेल्या पाचोळ्याचा आवाज आणि जनावराच्या सवयी त्याला ठाऊक असाव्या लागतात. नवे धनुष्य दुरून मारण्याची सोय देते, जुने जंगल वाचायला लावते. दुरून मारलेला बाण चुकला तर जनावर जखमी होऊन तडफडते. म्हणूनच जुने धनुष्य वापरणारे जाणकार सांगतात, की आपली मर्यादा ओळखणे हाच शिकाऱ्याचा पहिला धर्म.

आता नव्यातल्या नव्याचा विचार करू. कंपन्या दरवर्षी नवा नमुना बाजारात आणतात. समजा जुन्या कंपाउंडचा वेग ९० आहे आणि नव्याचा १०० मीटर. वीस मीटरवर फरक पडतो तो अवघा दोन शतांश सेकंदाचा. तेवढ्यासाठी हजारो रुपये मोजण्यापेक्षा जुन्या धनुष्याची दोरी वेळेवर बदलणे, पात्यांना तडा गेला आहे का ते तपासणे आणि रोज सराव करणे अधिक शहाणपणाचे. मात्र तडा गेलेले धनुष्य जुन्या प्रेमापोटी वापरू नये. तसेच बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणात जाणारी शक्ती धनुष्यातच फिरते आणि ते फुटून इजा होऊ शकते.

इशी आणि लिंबाराम

१९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक आदिवासी आढळला. याही जमातीतला तो शेवटचा माणूस. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून लाकडी धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकले. १९१६ साली इशी वारला, पण पोप यांनी १९२३ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे अमेरिकेत या जुन्या विद्येला नवे जीवन मिळाले. बंदुका असलेल्या देशात लोकांनी पुन्हा हाती लाकडी धनुष्य घेतले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक मोलाचे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्याने जंगलात पाखरे टिपत असे. १९८७ साली सरकारी निवड चाचणीत त्याची निवड झाली आणि पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरला. १९९२ साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि २०१२ साली त्याला पद्मश्री मिळाली. धनुष्य त्याला नवे घ्यावे लागले, कारण स्पर्धेची अंतरे बांबूच्या आवाक्याबाहेरची होती. पण नजर आणि धीर त्याने बांबूवरच कमावले होते.

महाराष्ट्रातील सातारच्या अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळे याने त्याच स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. येथे मात्र नव्या साधनाला पर्याय नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच घेण्याचे ठरले आहे.

आपल्यासाठी काय?

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. ससा, तितर, भेकर, सांबर, रानडुक्कर यांना मारणे तर सोडाच. मारण्याचा प्रयत्न करणे, फासे लावणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणे हेही शिकारीतच मोडते आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. धनुष्य जुने की नवे याने त्यात फरक पडत नाही. सुटीत खानापूरच्या बाजूला आजोळी जाणाऱ्या मुलांनी गलोल घरीच ठेवावी. तेथील भीमगड अभयारण्य आपल्या सर्वांचे आहे.

नेमबाजीची हौस मात्र गवताच्या लक्ष्यावर मनसोक्त भागवता येते. आपल्या देशात बांबूच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राउंड’ नावाचा वेगळा स्पर्धाप्रकार आहे. असे धनुष्य काही हजारांत मिळते, तर स्पर्धेचे पूर्ण कंपाउंड साहित्य लाखांच्या घरात जाते. म्हणून ‘महागडे साहित्य नाही, मग खेळ कशाला’ असे म्हणून शाळांनी आणि पालकांनी थांबू नये. जाणकार प्रशिक्षक, मागे भक्कम आडोसा असलेले मैदान आणि शिस्त एवढे जमले की दहा-बारा मुलांचा वर्ग बांबूवर सुरू होऊ शकतो. त्यातून एखादा खरोखर पुढे निघाला, तर त्याच्या नव्या धनुष्यासाठी समाजाने हात पुढे करावा. पैसा तेव्हा योग्य ठिकाणी लागेल.

एकलव्याने अंगठा दिल्यानंतर काय केले असेल? आजचे ऑलिंपिक धनुर्धर तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी दोरी ओढतात. अंगठ्याची त्यांना गरजच पडत नाही. साधन कमी पडले म्हणून विद्या थांबत नाही, हे आपण त्याच्यापासून शिकावे.