मुक्तस्रोत डेटाबेसची निवड
एखाद्या उपयोजनाला लागणारी माहिती सुसूत्रपणे साठविणारी, हवी तेव्हा शोधून देणारी व तिच्यातील सुसंगती राखणारी संगणकीय प्रणाली म्हणजे डेटाबेस होय. जिचा मूळ आज्ञासंकेत वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्याने मिळते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. अशी प्रणाली विनामूल्य मिळत असली, तरी साठलेली माहिती एका प्रणालीतून दुसरीत हलविणे जिकिरीचे व खर्चाचे असते. म्हणून निवड प्रारंभीच विचारपूर्वक करावी लागते.

बहुतेक प्रचलित प्रणाली एडगर एफ्. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेल्या असून त्यांत माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवतात. एस्क्यूलाइट (२०००) ही डी. रिचर्ड हिप यांची प्रणाली सर्व माहिती एकाच फाइलीत ठेवते. तिला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही; त्यामुळे मोबाइलवरील उपयोजनांस ती सोयीची ठरते. मात्र एका वेळी एकच लेखन शक्य असल्याने, अनेकजण सतत नोंदी करीत असतील तेथे ती अपुरी पडते. अशा ठिकाणी पोस्टग्रेस्क्यूएल किंवा मायएस्क्यूएल (१९९५) यांसारखी सर्व्हरवर चालणारी प्रणाली लागते. पोस्टग्रेस्क्यूएलचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे.

पैशाच्या व्यवहारात एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा झालीच पाहिजे. मध्येच वीज गेली, तर दोन्ही नोंदी रद्द झाल्या पाहिजेत. ही हमी वरील प्रणाली देतात. मायएस्क्यूएलमध्ये ती निवडलेल्या साठवण यंत्रणेवर अवलंबून असते.

गुणांइतकेच महत्त्व परवान्याला व मालकीला असते. मायएस्क्यूएल २०१० मध्ये ऑरॅकल कंपनीकडे गेली. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, तिच्या मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच आज्ञासंकेतावरून मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली. मोंगोडीबीने २०१८ मध्ये परवाना बदलला आणि नव्या परवान्यास मुक्तस्रोत म्हणून मान्यता मिळाली नाही. पोस्टग्रेस्क्यूएलचा विकास एका कंपनीच्या मालकीचा नसून स्वयंसेवी समूहाकडे आहे, तर एस्क्यूलाइट सार्वजनिक स्वामित्वात आहे.

यास्तव एकाच वेळचे वापरकर्ते, व्यवहारांची सुरक्षितता, देखभालीस उपलब्ध असलेले कुशल मनुष्यबळ आणि परवान्याच्या अटी यांचा एकत्रित विचार करणे इष्ट ठरते. राखीव प्रतीवरून माहिती पूर्ववत करता येते की नाही, हे प्रत्यक्ष वापरापूर्वीच पडताळून पाहणेही आवश्यक असते.