‘कपिल’चा ‘किपल’ का होतो?

तिसरीतला एखादा मुलगा ‘कपिल’ हा शब्द ‘किपल’ असा वाचतो. वर्ग हसतो, बाई म्हणतात, ‘नीट बघ.’ मुलगा पुन्हा बघतो आणि पुन्हा ‘किपल’च वाचतो. खरं तर त्याने पहिल्यांदाच अगदी नीट बघितलेलं असतं. डावीकडून उजवीकडे जाताना त्याला आधी क दिसला, मग वेलांटी, मग प. काना अक्षराच्या नंतर येतो, दुसरी वेलांटीही नंतरच येते, म्हणून त्याने ही वेलांटीसुद्धा मागच्या अक्षराला जोडून टाकली. स्वरांच्या सगळ्या खुणांमध्ये पहिली वेलांटी ही एकटीच अशी आहे, की जी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी. हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. बाईंनाही बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. त्या डी.एड. झाल्या, बालमानसशास्त्र शिकल्या, पाठ टाचणं लिहून वह्या भरल्या. पण आपली लिपी कशी चालते आणि मूल तिच्यात नेमकं कुठे अडखळतं, याचा स्वतंत्र अभ्यास त्यांच्या वाट्याला क्वचितच आलेला असतो.

हा प्रश्न सगळीकडेच आहे, पण महाराष्ट्राच्या सीमेला लागलेल्या, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे त्याला एक पीळ जास्त आहे. तिथल्या जामसांवलीचा निजलेला हनुमान नागपूरकरांच्या ओळखीचा. शनिवार-मंगळवारी विदर्भातून तिकडे माणसांची रीघ लागते आणि सीमा ओलांडल्याचं कानाला कळतही नाही, कारण दुकानदारापासून फूलवाल्यापर्यंत सगळे ‘मले’, ‘तुले’ आणि ‘करून राहिलो’च बोलतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा, बोली जुनीच. घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, काही घरांत पवारी, काही ठिकाणी गोंडी. आणि शाळेतलं पुस्तक बहुतेकांच्या हातात हिंदी.

लिपी एकच असल्यामुळे ही अडचण दिसत नाही. कन्नड घरातलं मूल मराठी शाळेत आलं तर पाटीवरची अक्षरंच वेगळी असतात, म्हणून शिक्षक सावध होतो. इथे दोन्हीकडे देवनागरी. मग मूल ‘और’ला ‘अउर’ म्हणतं, ‘है’ला ‘हइ’ म्हणतं, ‘ज्ञान’ला ‘द्न्यान’ म्हणतं, ‘चोर’मधला च मराठी चोरासारखा दंततालव्य काढतं, ‘पढ़ना’तला नुक्ता गिळून टाकतं. शिक्षक ओळीखाली लाल रेघ मारतो: वाचता येत नाही. प्रत्यक्षात त्या मुलाने अक्षर बरोबर ओळखलेलं आहे, फक्त त्याला आपल्या घरचा आवाज दिला आहे. त्याच वर्गात दुसरं मूल ‘है’ सुरेख म्हणतं, पण पुस्तक उलटं धरलं तरी तसंच म्हणेल, कारण त्याला धडा पाठ आहे. लाल रेघेच्या हिशेबात पहिला नापास आणि दुसरा पास.

उलट गंमतही आहे. वऱ्हाडीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. ते प्रमाण मराठीत चूक, हिंदीत बरोबर. ‘काळा’ला ‘काया’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकातला ळ हा आवाजच नवा असतो; हिंदीच्या पुस्तकात ळ नाहीच, तेव्हा तिथे त्याची सुटका. म्हणजे एकाच मुलाची अडचण कोणत्या पानावर दिसेल, ते पान कोणत्या भाषेचं आहे यावर ठरतं. हे ज्याला माहीत आहे तो शिक्षक ऐकून वाचनाची चूक आणि घरच्या बोलीचा उच्चार वेगळा करतो. ज्याला माहीत नाही, तो मुलाला ‘कच्चा’ म्हणतो.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या १०० मुलांपैकी २३.४ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. तरी ७६ मुलं मागे आहेत. वाचनाची जन्मजात अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया आणि तिच्या जवळच्या अध्ययन अक्षमता, शाळकरी मुलांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के मानतात. वरचा आकडा धरला तरी ७६ मधून १५ गेले आणि ६१ उरले. या ६१ पैकी बहुतेक मुलांच्या मेंदूत काहीही वेगळं नाही. त्यांना वाचायला शिकवलंच गेलेलं नाही. डिस्लेक्सियाबद्दलची जागृती २००७ च्या ‘तारे जमीन पर’नंतर शहरांत बरीच वाढली आणि ते चांगलंच झालं. पण खेड्यातल्या मागे पडलेल्या प्रत्येक मुलावर ती चिठ्ठी चिकटवणं म्हणजे शाळेची सुटका करून घेणं आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

मजा अशी, की उपाय मात्र त्या १५ जणांसाठीच शोधला गेला आणि तो उरलेल्यांनाही लागू पडला. अमेरिकेत १९२० च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने हुशार असूनही वाचता न येणारी मुलं तपासली. ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी त्यावर शिकवण्याची पद्धत बसवली. काहीही गृहीत धरायचं नाही. प्रत्येक आवाज आणि त्याची खूण उघड सांगायची, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचं, डोळा-कान-हात एकदम वापरायचे, आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. यालाच आता रचनाबद्ध साक्षरता म्हणतात. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने शेकडो अभ्यास चाळून ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन हे पाच धागे पुढे ठेवले.

त्याआधी, १९८६ मध्ये, गफ आणि टनमर या दोघांनी एक सूत्र मांडलं होतं: वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. पांढुर्ण्याच्या वर्गाला हे सूत्र फार चपखल बसतं. एखाद्या मुलीला हिंदी धड्याची अक्षरं खडाखडा फोडता येतात, पण त्या हिंदीतले निम्मे शब्द तिने कधी ऐकलेले नाहीत. दुसऱ्याला वाचून दाखवलेली गोष्ट पूर्ण कळते, पण अक्षर फुटत नाही. दोघांची निकालपत्रं सारखी, औषधं वेगळी. पहिलीला घरच्या भाषेतून बोलणं, गोष्टी, शब्द हवेत. दुसऱ्याला अक्षरं आणि मात्रा. दोघांना एकच सराव-वही देणं हा आपल्याकडचा लाडका मार्ग.

अर्थात इंग्रजीचा नमुना उचलून देवनागरीवर ठेवता येत नाही. इंग्रजीत अक्षरं २६, पण त्यांचे आवाज बेभरवशाचे. आपल्याकडे आवाज बरेचसे नेमके, पण नुसत्या बाराखडीत चारशेहून जास्त आकार; त्यावर जोडाक्षरं; त्यातही र चा अवतार दर ठिकाणी वेगळा: सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. कन्नडवर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनातून दिसतं, की अशा लिप्या पक्क्या व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, मुलं पुढेही बराच काळ अक्षरं शिकतच असतात. आपले अभ्यासक्रम मात्र पहिलीतच अक्षरओळख उरकून मोकळे होतात. आधी सगळी मुळाक्षरं, मग बिनमात्रेचे शब्द, मग कधीतरी मात्रा. तोवर मुलाच्या वाट्याला येतात ‘कमल घर चल’ छापाची वाक्यं, जी कुठल्याच घरात कुणीच बोलत नाही. आणि बाराखडी? ती गळ्यात बसते, डोळ्यात बसत नाही. ‘मे’ वाचायला सांगितलं की मूल म, मा, मि, मी अशी सगळी माळ ओढत ‘मे’पर्यंत येतं. तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते.

हे मराठीत कुणी सोडवायचा प्रयत्न केला नाही असं मुळीच नाही. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलींवर पीएच.डी. केली, कोणत्या समाजात कोणता आवाज कसा निघतो, हा त्यांचा अभ्यासाचाच विषय. त्याच फलटणमध्ये त्यांनी दलित वस्तीतल्या, शाळेतून गळणाऱ्या मुलांना वाचायला शिकवलं, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. मुळाक्षरांचा क्रम त्यांनी मोडला. थोडी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला लगेच मात्रा, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला खरे, अर्थाचे शब्द वाचता-लिहिता येतात. आणि घरच्या बोलीला चूक म्हणायचं नाही. बोलींचा अभ्यास केलेल्या माणसानेच वाचनाची पद्धत बसवावी, हा योगायोग नव्हे. आवाज ऐकता येणं ही त्या कामाची पहिली अट आहे.

दुसरं ठिकाण पालघर जिल्ह्यातला वाडा. तिथे नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी ‘अनुपद’ हा कार्यक्रम उभा केला. याच वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा मोठा अभ्यास केला. पहिलीत जे मूल अक्षरांत अडकलं, ते तिसरीतही बऱ्याचदा तिथेच सापडलं. मधल्या काळात पुस्तक पुढे गेलं होतं. वर्गात वेळ जात होता तो फळ्यावरचं उतरवून घेण्यात.

मग शिक्षकांचं प्रशिक्षण. ते होत नाही असं कोण म्हणेल? २०२१ पासून पायाभूत साक्षरतेचं ‘निपुण भारत’ अभियान आहे, मध्य प्रदेशात त्याचं नाव मिशन अंकुर. दीक्षा अ‍ॅपवर शिक्षकांसाठी ‘निष्ठा’चे कोर्स आहेत, शेवटी प्रमाणपत्र आहे. पण ‘वेलांटी आधी का येते’ हे पडद्यावर पाहून कळलं, तरी सोमवारी ४० मुलांच्या, दोन-दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या वर्गात त्याचं काय करायचं, हे कळत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं, की नुसत्या व्याख्यानाने शिक्षकाची पद्धत बदलत नाही. कुणीतरी त्याच्या वर्गात बसून, बघून, बोलावं लागतं. अमेरिकेतलं मिसिसिपी हे गरीब राज्य. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात ते तळाशी होतं. तिथे शिक्षकांना वाचनाचं शास्त्र शिकवलं आणि कमकुवत शाळांत मार्गदर्शक नेमले. २०१९ मध्ये राज्य देशाच्या सरासरीला पोचलं. तिसरीत वाचता न येणाऱ्यांना त्याच वर्गात ठेवण्याचा कडक नियमही त्यांनी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही. पण वर्गात येऊन बसणारा माणूस नसता तर कायदा कागदावरच राहिला असता.

तसा माणूस सौंसर-पांढुर्ण्याकडे आधीच नेमलेला आहे. मध्य प्रदेशात त्याला जनशिक्षक म्हणतात. आपल्या केंद्रप्रमुखाचा भाऊ. काही शाळांची त्याच्यावर जबाबदारी असते आणि त्याने शिक्षकांना शैक्षणिक मदत करावी अशी अपेक्षा असते. त्याचा दिवस मात्र माहिती गोळा करण्यात, पोर्टलवर भरण्यात आणि मध्यान्ह भोजनाची चौकशी करण्यात जातो. त्याला या कामातून अर्धा मोकळा करून फक्त ऐकायला शिकवलं, तरी पुष्कळ होईल. मुलाला एक अनोळखी परिच्छेद वाचायला द्यायचा आणि त्याने जे वाचलं ते जसंच्या तसं टिपायचं. ‘किनारा’चं ‘कनारा’ झालं तर मात्रा सुटते आहे. ‘घन’चं ‘धन’ झालं तर आकारांची गल्लत आहे. ‘मकान’च्या जागी चित्र बघून ‘घर’ म्हटलं तर अंदाज चालला आहे. ‘है’चं ‘हइ’ झालं तर काहीच बिघडलेलं नाही. अशा टिपणावर शिक्षक आणि जनशिक्षक दहा मिनिटं बोलले, की पुढच्या आठवड्यात कुणाला काय शिकवायचं ते ठरतं. आणि नेटाने शिकवूनही जे मूल हलत नाही, त्याच्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘डाली’ ही चाचणी आहे. तिच्यातला पहिला टप्पा शिक्षकांनी वापरायचा आहे, आणि ती हिंदी आणि मराठी दोन्हीत आहे. सीमेवरच्या जिल्ह्याला याहून सोयीचं काय हवं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यताही दिली आहे, त्यामुळे निदान झाल्यावर सवलतीचा हक्क मिळतो.

उरतो वाचायच्या मजकुराचा प्रश्न. शिकवलेल्या अक्षरांतूनच बनलेली आणि तरी इथल्या मुलांना आपली वाटतील अशी पानं भोपाळहून छापून येणार नाहीत. ती शिक्षकांनी प्रशिक्षणातच लिहायला हवीत, पोळा, जाम नदी, गोटमारीची जत्रा, कापूस यांच्यावर, आणि लिहितानाच लिपीचे पेच त्यांना कळत जातील. या भागात बागा संत्र्यांच्या. हिंदीत ते फळ ‘संतरा’: एक अनुस्वार, एक काना, पहिलीतल्या मुलाला जमण्यासारखं. मराठीत ते ‘संत्रा’: तोच अनुस्वार, पण त आणि र चं जोडाक्षर, आणि ते वाचायला बहुतेक मुलांना आणखी वर्षभर लागेल. घरात मूल म्हणतं संत्रा, पुस्तकात लिहिलंय संतरा. कोणतं कधी वाचायला द्यायचं आणि ते देताना दुसऱ्याबद्दल काय बोलायचं, हे ठरवता येणारा शिक्षक तयार करायला दोन दिवसांची कार्यशाळा पुरणार नाही. साधारण दोन शैक्षणिक वर्षं लागतील, दर महिन्याला एक बैठक आणि मधल्या काळात वर्गभेटी.