दंत प्रयोगशाळेतील ओतकाम आणि ॲस्बेस्टॉसला पर्याय

आपल्या दंतविभागात येणाऱ्या रुग्णास खुर्ची, दिवा आणि दंतवैद्य दिसतात. त्याच्या दाताची कॅप जेथे तयार होते ती प्रयोगशाळा सहसा दिसत नाही. विभागाच्या खर्चात या वर्षी धूळशोषक यंत्र, व्हॅक्यूम मिक्सर आणि लायनर अशा बाबी आढळतील. त्या कशासाठी, हे देणगीदार व विश्वस्तांस कळावे म्हणून हे टिपण सादर करीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने तांत्रिक भाग दंतविभागातील सहकाऱ्यांकडून समजून घेतला आहे.

धातूची कॅप ओतण्याची रीत मूर्तिकारांच्या मेणसाच्यासारखीच आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली ती दंतवैद्यकात रूढ केली. कॅपचे मेणाचे प्रतिरूप पोलादी कड्यात ठेवून त्याभोवती इन्व्हेस्टमेंट पावडरीचे ओले मिश्रण ओततात. ते घट्ट झाल्यावर कडे भट्टीत तापवितात. मेण जळून जाते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू शिरतो. अडचण अशी, की धातू थंड होताना आकसतो. सोन्याच्या मिश्रधातूत हे आकुंचन सुमारे दीड टक्का असते, तर निकेल-क्रोमियममध्ये त्याहून अधिक. ही तूट भरून निघण्यासाठी साचा तेवढाच फुगावा लागतो. पण कडे त्यास फुगू देत नाही. म्हणून कड्याच्या आतून मऊ अस्तर लावतात. यालाच लायनर म्हणतात. लायनर दबतो आणि साच्यास जागा मिळते. तो नसल्यास कॅप लहान होते व दातावर पूर्ण बसत नाही.

हे अस्तर अनेक दशके ॲस्बेस्टॉसचे असे. ते पाणी शोषते, जळत नाही आणि स्वस्तही होते. घरावरील सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटने बांधलेले असतात. लायनरच्या पट्टीत मात्र ते सुटेच. पट्टी कोरडी कापताना आणि ओतकामानंतर साचा फोडून कडे खरवडताना ते हवेत मिसळत. श्वासावाटे आत गेलेल्या या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलियोमा होऊ शकतो, आणि मेसोथेलियोमा प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. हिशेब लिहिणाऱ्यास यातील विचित्रपणा लगेच जाणवतो : बचत या वर्षीच्या पानावर, खर्च मात्र दुसऱ्याच्या आयुष्याच्या शेवटच्या पानावर.

पर्याय तीन आहेत. पहिला सेल्युलोजच्या कागदाचा. तो भट्टीत जळून जातो; म्हणून कड्याच्या दोन्ही टोकांस सुमारे तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे साचा कड्यात घट्ट धरलेला राहतो. दुसरा सिरॅमिक तंतूंचा. तो जळत नाही, परंतु पाणी फारसे शोषत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली उच्च तापमान सहन करणाऱ्या सिरॅमिक तंतूंना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गातच ठेवले. वेष्टनावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ एवढे छापलेले पाहून खरेदीची मागणी मंजूर करावी, असे मला त्यामुळे वाटत नाही. तिसरा मार्ग रिंगविरहित ओतकामाचा. यात प्लास्टिकचे कडे साचा घट्ट होताच, भट्टीपूर्वी, काढून घेतात. अस्तराचा प्रश्नच उरत नाही. फॉस्फेटयुक्त साच्याला ही पद्धत मानवते. आपल्याकडे निकेल-क्रोमियमच्या कामासाठी ती आणि जिप्समयुक्त साच्यासाठी कागदी लायनर, अशी विभागणी केली आहे.

एवढ्याने प्रयोगशाळा निर्धोक झाली, असे मात्र नव्हे. इन्व्हेस्टमेंट पावडरीतच क्वार्ट्झ व क्रिस्टोबलाइट या रूपांत सिलिका असते. स्फटिकमय सिलिकेची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, आणि १९९७ साली उपरोक्त संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले. लायनर बदलल्याने ही धूळ कमी होत नाही. म्हणून पावडर व्हॅक्यूम मिक्सरमध्ये कालवावी, साचा ओला करून फोडावा, घासकाम धूळशोषकाच्या तोंडाशीच करावे आणि फरशीवर झाडू न फिरविता ओल्या फडक्याने पुसावे, असे नियम आहेत. शेवटच्या नियमास पैसा लागत नाही, तरी तो पाळून घेणे सर्वांत कठीण.

झिर्कोनियाच्या कॅपला ओतकाम लागत नाही, हे खरे. पण तिचा खर्च आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस पेलत नाही, त्यामुळे भट्टी चालूच राहील.

जुन्या प्रयोगशाळांत भट्टीच्या दाराचे पॅकिंग, हातमोजे व झाळकामाची पाटीही ॲस्बेस्टॉसची असू शकते. अशी वस्तू आढळल्यास ती न कापता, ओली करून दुहेरी पिशवीत बंद करावी व घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. आपली प्रयोगशाळा त्या उद्योगांत मोडत नाही. तरीही तंत्रज्ञांच्या छातीचे क्ष-किरण चित्र व श्वसनचाचणी यांची नोंद तेवढाच काळ ठेवावी आणि नोकरी सोडणाऱ्यास तिची प्रत द्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.