वादळानंतर अंगण आवरताना

११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट आपला जालना जिल्हा विसरलेला नाही. माणसं दगावली, हातातोंडाशी आलेलं रब्बी पीक झोपलं. त्याआधी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही मराठवाड्याने गारांचा मारा सोसला होता. अशा वेळी पिकाची बातमी होते, वस्तीतल्या अंगणाची होत नाही. नर्स म्हणून काम करताना आम्ही पाहिलं, की वादळात जेवढे लोक जखमी होतात, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना होतात. घाई नको. क्रम पाळा.

आधी तार, मग झाडू
अंगणात तुटलेली तार दिसली तर ती बंद आहे असं धरून चालू नका. ओल्या जमिनीतूनही करंट येतो. लेकरांना, जनावरांना लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. तार पत्र्यावर पडली असेल तर भिंतीलाही हात लावू नका.

उचलण्याआधी फोटो
उडालेले पत्रे, पडलेली भिंत, भिजलेलं धान्य यांचे मोबाईलवर फोटो काढा. सगळं आवरून ठेवलं की पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. तलाठ्याकडे अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या.

हात-पाय जपा
धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पत्र्याने किंवा खिळ्याने खोल कापलं की ते आत शिरतात, आणि त्रास काही दिवसांनी सुरू होतो. एक ताई कापलेल्या तळव्यात हळद भरून चार दिवस कामाला गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा हात सुजून आखडला होता. जखम लगेच साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. बूट नसतील तर जाड चप्पल घाला, हाताला जाड फडकं गुंडाळा. फुटलेले सिमेंटचे पत्रे कोरडे फोडू नका, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून मगच उचला.

फांद्या-विटांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. माणसाला हलू न देता १०८ बोलवा. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते.

पाणी
डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून टायर, फुटके माठ, पत्र्याच्या पन्हळी पहिल्या आठवड्यातच रिकाम्या करा. खड्ड्यात मुरूम भरा. पिण्याचं पाणी खळखळ उकळा, किंवा आशाताईंकडून क्लोरिनची गोळी घेऊन पाकिटावरच्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. ओला पाला आणि प्लास्टिक एकत्र जाळू नका. त्या धुराने दम्याचे पेशंट बेजार होतात. पाला खड्ड्यात टाका, त्याचं खत होईल.

गटार कोणाचं?
तुंबलेलं गटार काढणं हे ग्रामपंचायतीचं, नगरपालिकेचं काम आहे. "तुमच्याच पोरांना उतरवा" असं कोणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेफ्टी टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला गेलेलाही जातो. दहा घरांच्या सह्यांचा अर्ज द्या.

पुन्हा उभं करताना
पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. वाऱ्यात तोच दगड खाली झोपलेल्या लेकराच्या डोक्यात पडतो. हूक-बोल्टने पत्रा आवळा. कललेलं लहान झाड सरळ करून काठीला बांधा, मुळाशी माती दाबा, ते जगतं.

आणि एक सांगतो, अंगण घरातल्या एकट्या बाईचं नाही. पुरुषांनीही घमेलं उचलावं. काम लवकर होतं, आणि दवाखान्याची फेरीही वाचते.