भिंत बुजण्यापूर्वी

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा आणि जमल्यास थोडी डागडुजीही उरकून घ्यायची, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा जुना परिपाठ. फरशी कोणती, ओट्याचा दगड कोणता, पडदे कोणत्या रंगाचे, यावर घरातील लहानथोर हिरिरीने मते देतात. विजेच्या तारांचा विषय निघाला की मात्र ‘ते वायरमन बघून घेईल’ एवढ्यावर तो संपतो. फरशी दिसते, तारा भिंतीच्या पोटात जातात!

टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली. पुढे जुन्या वाड्यांतूनही दिवे लागले. पण घर आधी बांधलेले आणि वीज मागाहून आलेली. साहजिकच तारा भिंतीवरूनच, लाकडी पट्ट्यांवरून धावल्या. त्या दिसायला बऱ्या नव्हत्या, पण दिसत तरी होत्या. त्यांच्यावरचे रबर वर्षांगणिक वाळते, तडकते आणि हात लावताच गळून पडते. म्हणून अशा तारा काढून नव्या घालणे शहाणपणाचेच. परंतु नव्या तारा भिंतीआड जाणार असतील, तर त्या कशा जातात हे पाहून ठेवायला हवे.

कडीपाटाचे छत असेल, तर तारेसाठी कडीला भोक पाडण्याची वेळ येते. भार आला की कडी किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या भागावर हा ताण सर्वांत कमी असतो. म्हणून भोक कडीच्या उंचीच्या मध्यावर, आणि तेही गरजेपुरतेच हवे. खालच्या अंगाला खाच पाडणे म्हणजे कडीचे बळच कापून काढणे होय.

अमेरिकेत पुष्कळ घरांचा सांगाडाच लाकडाचा. तेथील नियमानुसार तारेचे भोक लाकडाच्या कडेपासून निदान सव्वा इंच आत असावे लागते. ते जमत नसेल तर त्या जागी पोलादी पट्टी ठोकतात. कारण साधे आहे. उद्या कोणी तसबीर टांगायला खिळा ठोकला, तर तो तारेपर्यंत पोचू नये.

आपल्या विटांच्या भिंतींनाही हाच न्याय लागू आहे. नळ्या स्विचबोर्डापासून सरळ उभ्या किंवा सरळ आडव्या न्याव्यात. दोन वीत तार वाचवण्यासाठी तिरप्या नेऊ नयेत. म्हणजे खिळा कोठे मारू नये याचा अंदाज घरच्यांना येतो. तारांचा जोड नळीत नको. तो उघडता येईल अशा डब्यातच असावा. नळीत तारा कोंबूही नयेत.

तारेची जाडीही विचारून घ्यावी. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. गीझरला मात्र अडीच किंवा चारची, स्वतंत्र हवी. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. बारीक तारेवर असा भार वारंवार पडला की ती तापते. मग फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी जाड फ्यूज घालतो. फ्यूज उडायचा थांबतो, तार तापायची थांबत नाही; आणि भिंतीतल्या आगीची तयारी होते.

सर्वांत महत्त्वाची ती हिरवी तार, अर्थिंगची. ती नसली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात. म्हणूनच काटकसरीत पहिला बळी तिचा जातो. पण गीझरच्या पत्र्यात वीज उतरली आणि तिला जमिनीकडे जायला ही वाट नसली, तर ओल्या हाताने नळ सोडणारे माणूसच तिची वाट बनते! जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे यंत्रही बसवावे. साधा फ्यूज तारेला जपतो. हे यंत्र माणसाला जपते.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. आणि गिलावा होण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलने छायाचित्रे काढावीत व ती घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावीत. पंधरा वर्षांनी भिंतीत खिळा ठोकणाऱ्या आपल्याच मुलाला ती उपयोगी पडतील.