मैदानावर हृदय थांबते तेव्हा

रोज तासन्‌तास सराव करणारा, आहाराची काळजी घेणारा, डॉक्टरांच्या नजरेखाली असलेला व्यावसायिक खेळाडू भर सामन्यात कोसळतो, तेव्हा पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘याला कसे काय झाले?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे की त्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत कोणी काय केले. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन आज जिवंत आहे, याचे उत्तर त्या मिनिटांत आहे.

कोपनहेगन, १२ जून २०२१

युरो चषकात डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना पार्केन स्टेडियमवर सुरू होता. २९ वर्षांचा एरिक्सन डेन्मार्कचा आधारस्तंभ होता आणि त्याच्या इंटर मिलान क्लबने नुकतेच इटलीचे विजेतेपद पटकावले होते. मध्यंतराला काही मिनिटे उरली असताना सहकाऱ्याने सीमारेषेवरून फेकलेला चेंडू त्याच्याकडे आला आणि एरिक्सन तोल जाऊन पुढे कोसळला. जवळ कोणी प्रतिस्पर्धी नव्हता, टक्कर झाली नव्हती.

इंग्लिश पंच अँथनी टेलर यांनी काही क्षणांत खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावले. कर्णधार सिमोन केअर धावत पोहोचला आणि त्याने एरिक्सनला कुशीवर वळवून श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायला मदत केली. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसेन पोहोचले, तेव्हा त्याची नाडी लागत होती. पण लगेच ती हरवली. छातीदाब सुरू झाला, डिफिब्रिलेटर आणला गेला आणि एका विद्युत शॉकने हृदय पुन्हा चालू झाले. मैदान सोडण्यापूर्वी एरिक्सन शुद्धीवर आला होता. तोवर त्याचे सहकारी त्याच्याभोवती कडे करून, कॅमेऱ्यांकडे तोंड करून उभे होते. केअर आणि गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल यांनी मैदानात आलेल्या त्याच्या जोडीदाराला सावरले.

एरिक्सनला शहरातल्या रिग्सहॉस्पिटलमध्ये नेण्यात आले. त्या वर्षी युरोपीय फुटबॉल महासंघाने अध्यक्षीय पुरस्कार केअर आणि वैद्यकीय पथकाला दिला. पंच, कर्णधार, डॉक्टर यांतल्या प्रत्येकाला आपले काम आधीपासून ठाऊक होते, म्हणून कोणाचाही क्षण वाया गेला नाही.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे

बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. रुग्णाच्या छातीत दुखते, घाम येतो, पण बहुतेक वेळा तो शुद्धीत असतो आणि हृदय धडधडत असते. माजी क्रिकेटपटू सौरव गांगुली यांना जानेवारी २०२१ मध्ये असा सौम्य झटका आला, तेव्हा तुंबलेली धमनी स्टेंट बसवून मोकळी करण्यात आली.

हृदय बंद पडणे, म्हणजेच कार्डिअ‍ॅक अरेस्ट, हा हृदयाच्या विद्युत यंत्रणेचा बिघाड आहे. ठोक्यांची लय बिघडते, हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि मेंदूकडे रक्त जाणे थांबते. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. झटक्यामुळेही असा बिघाड होऊ शकतो; पण तरुण खेळाडूंमध्ये त्याची कारणे बहुधा निराळी असतात.

तंदुरुस्त शरीरात हा बिघाड येतो कुठून?

पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये मुख्य कारण असते ते जन्मजात किंवा आनुवंशिक दोष. एका विकारात हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होतो. कॅमेरूनचा २८ वर्षांचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या लिआँ शहरात कोलंबियाविरुद्ध खेळताना ७२व्या मिनिटाला कोसळला आणि वाचू शकला नाही. शवविच्छेदनात त्याला हाच विकार असल्याचे दिसले. काहींच्या हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतःच चुकीच्या जागेतून निघालेली असते. काहींच्या हृदयाची रचना निर्दोष असते, दोष विद्युत लहरींच्या वहनात असतो. विषाणूसंसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येणे हेही एक कारण आहे. म्हणूनच ताप अंगावर काढून जोरात सराव करू नये.

हृदय पूर्ण निरोगी असतानाही धोका येऊ शकतो. ठोक्याच्या चक्रात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा एक नाजूक काळ असतो. नेमक्या त्या वेळी छातीवर डाव्या बाजूला आघात झाला तर लय बिघडते. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो बिल्सचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन असाच कोसळला. प्रतिस्पर्ध्याला पाडून तो उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी मागे पडला. संघाचे साहाय्यक प्रशिक्षक-उपचारक डेनी केलिंग्टन यांनी लगेच छातीदाब सुरू केला. त्याच वर्षी हॅमलिन पुन्हा खेळू लागला.

पस्तिशीनंतर चित्र बदलते. त्या वयात खेळताना हृदय बंद पडण्यामागे बहुतेक वेळा धमन्यांतले अडथळे असतात. चाळिशीत मॅरेथॉनची तयारी सुरू करणाऱ्यांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी ती यासाठी.

तपासणी उपयोगी, पण अपुरी

इटलीत १९८२पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन-अडीच दशकांत तरुण खेळाडूंचे आकस्मिक हृदयमृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी २००६ मध्ये मांडले.

तपासणीच्या मर्यादा मात्र इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने दाखवल्या. तिथे २० वर्षांत ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटूंची ईसीजी आणि टूडी इको करून तपासणी झाली. त्यात ४२ जणांना जिवाला धोका असलेले हृदयविकार सापडले. हे ४२ वेळेवर सापडले, हे तपासणीचे यश. पण पुढे ज्या ८ खेळाडूंचा हृदयविकाराने आकस्मिक मृत्यू झाला, त्यांतल्या ६ जणांची तपासणी निर्दोष आली होती. काही विकार वयानुसार उशिरा प्रकट होतात. एरिक्सनचीही इंग्लंडमध्ये खेळत असताना नियमित तपासणी होत होती आणि तीत काही आढळले नव्हते.

म्हणून तपासणी एकदाच करून भागत नाही आणि लक्षणांकडे लक्ष ठेवावेच लागते. खेळ ऐन भरात असताना भोवळ येणे किंवा शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, अकारण वाढलेली धडधड, बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा फारच जास्त धाप लागणे, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयरोगतज्ज्ञाने हिरवा कंदील दाखवेपर्यंत खेळ थांबवावा. ‘उपाशीपोटी खेळला असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

मिनिटांचा हिशेब

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीदाब आणि शॉक यांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अमेरिकेतल्या कसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना डिफिब्रिलेटर वापरायला शिकवून एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत ज्यांना शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांतले ४९ टक्के. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले रक्षक होते.

१७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टन क्लबचा २३ वर्षांचा फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बा सामन्यात कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालत नव्हते. मैदानापासून रुग्णालयापर्यंत छातीदाब अखंड सुरू राहिला आणि शॉक देत राहिले. प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ अँड्र्यू डीनर मैदानात धावले आणि त्यांनीही मदत केली. मुआम्बाला फुटबॉल सोडावा लागला, पण तो वाचला.

आपल्याकडची आठवण दुःखाची आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे होते. तो मात्र परतला नाही. मैदानावरच्या अपुऱ्या वैद्यकीय तयारीवर तेव्हा कडक टीका झाली.

कोसळलेल्या खेळाडूपाशी काय करावे?

१. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, किंवा थांबून थांबून आचके दिल्यासारखा येत असेल, तर हृदय बंद पडले आहे असेच समजा. सुरुवातीला डोळे उघडे असू शकतात, हातपाय झटकले जाऊ शकतात. फीट समजून कांदा हुंगवण्यात, तोंडावर पाणी मारण्यात किंवा पाणी पाजण्यात वेळ घालवू नका.

२. एकाने १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करून नेमके ठिकाण सांगावे. दुसऱ्याने डिफिब्रिलेटर आणायला पळावे. तिसऱ्याने फाटकाशी उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी.

३. लगेच छातीदाब सुरू करा. खेळाडूला पाठीवर, कडक जमिनीवर निजवा. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटालगतचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा, कोपरे ताठ ठेवा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब पडला पाहिजे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेल्या हातांचा दाब कमी पडतो. प्रशिक्षण नसेल तर तोंडाने श्वास देण्याच्या फंदात न पडता नुसता दाब देत राहा. फासळी मोडेल या भीतीने थांबू नका. मोडलेली फासळी जुळते.

४. स्वयंचलित डिफिब्रिलेटर, म्हणजे एईडी, आला की चालू करा. यंत्र स्वतः बोलून सूचना देते. घाम पुसून पट्ट्या उघड्या छातीवर चित्रात दाखवल्याप्रमाणे चिकटवा. शॉकची गरज आहे की नाही हे यंत्रच ठरवते. नसेल तर ते शॉक देत नाही. शॉकच्या वेळी कोणीही खेळाडूला हात लावू नये. त्यानंतर लगेच पुन्हा छातीदाब सुरू करावा, आणि खेळाडू हालचाल करू लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत तो चालू ठेवावा.

पुन्हा खेळायचे की नाही?

एरिक्सनच्या शरीरात आयसीडी हे छोटे यंत्र बसवण्यात आले. गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत ते बसते आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवते. लय धोकादायक झाली तर आतूनच शॉक देते. इटलीच्या नियमांनुसार असे यंत्र असलेल्या खेळाडूला तिथे खेळता येत नाही. त्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये इंटरबरोबरचा त्याचा करार संपवण्यात आला. इंग्लंडमध्ये तशी सरसकट बंदी नाही. तिथल्या ब्रेंटफर्ड क्लबने त्याला घेतले आणि २६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो मैदानात परतला. जून २०२४च्या युरो चषकात स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने डेन्मार्कसाठी गोलही केला.

प्रत्येकाला हा मार्ग खुला नसतो. काही विकारांत व्यायामच रोग वाढवतो आणि तिथे खेळ सोडणे हाच उपचार ठरतो. पूर्वी डॉक्टर सरसकट ‘खेळ बंद’ म्हणत. आता विकार कोणता, धोका किती हे समजावून सांगून खेळाडू आणि कुटुंब यांच्यासह निर्णय घेण्याकडे कल आहे. हा निर्णय क्लबच्या गरजेवर किंवा चाहत्यांच्या आग्रहावर कधीही सोपवू नये.

आपल्या मैदानांवर हे शक्य आहे

कबड्डीच्या रात्रीच्या स्पर्धा, गावजत्रेतल्या कुस्त्या, टेनिस चेंडूचे क्रिकेट, शाळांचे क्रीडा महोत्सव, पोलीस भरतीची धाव: हजारो तरुण आपल्याकडे दर हंगामात अंगातले सगळे बळ पणाला लावतात. त्यांच्यासाठी पार्केनसारखे स्टेडियम लागत नाही. छातीदाब शिकलेली चार माणसे, हाताशी एक एईडी, रुग्णवाहिका आत येईल असा मोकळा रस्ता आणि कोणी काय करायचे याची सामन्याआधी पाच मिनिटे उजळणी, एवढे लागते. डॉक्टर नसलेल्या माणसांना नुसता छातीदाब शिकवणारे प्रशिक्षण भारतातले भूलतज्ज्ञ देतात आणि ते थोड्या वेळात शिकता येते.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी करंडकांच्या आणि ध्वनिक्षेपकांच्या खर्चाआधी या तयारीचा खर्च मांडावा. परवानगी देणाऱ्यांनी ती तयारी पाहूनच परवानगी द्यावी. शाळांनी दहावीच्या आत प्रत्येक मुलामुलीला छातीदाब शिकवावा. आणि वाचकहो, तुमचे मूल ज्या मैदानावर खेळते तिथे जाऊन एकदा विचारा: इथे एईडी आहे का, आणि तो वापरता येणारे कोण आहे? उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढच्या सामन्यापूर्वी ते बदलून घ्या.